एकहार्ड नोल्टेने दिलेला होकार

विट्सनहूडे गावात शनिवारी दुपारी रग्बीच्या मैदानावर संघाला लागणारी पंधरा माणसं जमली, तर ती गोष्ट सोमवारपर्यंत बोलली जायची. फुटबॉलचे तीन संघ भरत, नेमबाजी मंडळाच्या वार्षिक जेवणाला तर उभं राहायला जागा नसे. रग्बीला मात्र माणसं ओढून आणावी लागत, आणि ते काम एकहार्ड नोल्टेचं होतं. शुक्रवारी कामावरून आला की तो स्वयंपाकघरातल्या फोनपाशी बसायचा आणि एकेकाला गाठायचा. कुणाची सासू आजारी असायची, कुणाची पाठ धरलेली, कुणाला नेमकं त्याच शनिवारी छप्पर रंगवायचं असायचं. एकहार्ड चिडत नसे, विनवण्याही करत नसे. तो नुसता गप्प राहायचा. पलीकडच्या माणसाला ती शांतता सोसायची नाही आणि तो म्हणायचा, 'बरं, येतो.' त्याची बायको रोझविथा सांगायची, "लग्नाची मागणीसुद्धा ह्याने अशीच घातली होती. मीच शेवटी बोलले."

एकहार्डचा बाप आल्विन दुसरं महायुद्ध संपल्यावर पूर्वेकडच्या सायलेशिया प्रांतातून एक पेटी घेऊन आला होता. अशा बाहेरून आलेल्यांना विट्सनहूडेत कुणी घरात घेत नसे. बोलीवरून ओळखायचे आणि दुकानात सगळ्यांच्या शेवटी माल द्यायचे. आल्विनला साखर कारखान्यात काम मिळालं आणि कारखान्यातल्या लोकांचा रग्बी क्लब होता, तिथे कुणीतरी त्याचे खांदे पाहून त्याला मैदानात उतरवलं. दोन हंगाम गेल्यावर लोक त्याला रस्त्यात नावाने हाक मारू लागले. मेला तेव्हा शवपेटी उचलायला क्लबचेच सहा जण होते. एकहार्ड त्या वेळी एकोणीस वर्षांचा होता आणि त्या सहांपैकी एक होता. क्लब नसता तर आपण ह्या गावात कोण असतो, हा प्रश्न त्याने कधी मोठ्याने विचारला नाही, पण तो त्याच्या मनातून कधी गेलाही नाही.

बापासारखाच तोही खांब झाला. स्क्रममध्ये आठ-आठ माणसं वाकून एकमेकांत डोकी अडकवतात आणि ढकलतात. सगळ्यात पुढे तिघं असतात. त्यातल्या दोन टोकांच्या गड्यांना तिकडे खांब म्हणतात. मागच्यांचा सगळा जोर ह्यांच्या मानेवर येतो आणि समोरच्यांचाही ह्यांच्याच मानेवर. मान कशी धरायची, पाठ कशी सपाट ठेवायची, खाली कोसळायला लागलं तर डोकं कुठे वळवायचं, हे शिकायला निदान दोन वर्षं लागतात. एकहार्ड तीस वर्षं त्या जागी खेळला. त्याचे कान फुलकोबीच्या गड्ड्यासारखे झाले आणि मान जवळजवळ नाहीशी झाली. सदऱ्याची वरची गुंडी त्याला उभ्या आयुष्यात लागली नाही.

साखर कारखाना बंद पडला तेव्हा तो शाळेत देखभालीच्या कामाला लागला. गुडघे गेले तेव्हा खेळायचा थांबला आणि संघ सांभाळू लागला. क्लब तोवर घसरत घसरत खालच्या प्रादेशिक लीगमध्ये येऊन पडला होता. कागदावर सहा संघ असत, त्यातला एखादा हिवाळ्यापर्यंत गळून जाई. मोठ्या शहरांतले क्लब आपला तिसरा संघ पाठवत, म्हणजे त्या दिवशी जे उरले असतील ते. सामना संपला की यजमानांनी पाहुण्यांना जेवू घालायचं ही तिथली रीत. रोझविथा दर वेळी मोठ्या पातेल्यात गुलाश, म्हणजे मांसाचा दाट रस्सा, करायची, आणि पाहुणे हरोत की जिंकोत, पातेलं रिकामं करूनच निघत.

लीगचा एक नियम होता आणि तो चांगला नियम होता. पहिल्या रांगेतले तिघेही शिकलेले असले पाहिजेत. नसतील तर स्क्रममध्ये कुणी ढकलायचं नाही, आणि ज्यांच्यामुळे ही वेळ आली तो संघ मैदानात जिंकला तरी कागदावर हरलेला धरायचा. एका हंगामात असं दोनदा झालं की संघ लीगबाहेर. २०११ च्या सप्टेंबरात विट्सनहूडेचं एकदा होऊन गेलं होतं.

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी सकाळी उजव्या बाजूच्या खांबाचा फोन आला. बायकोच्या कळा दोन आठवडे आधीच सुरू झाल्या होत्या आणि तो इस्पितळाच्या जिन्यातून बोलत होता. एकहार्डने त्याला शुभेच्छा दिल्या आणि फोन ठेवला. दुसरा शिकलेला खांब नव्हता. नोव्हेंबरात येणारा होता एक, पण नोव्हेंबर लांब होता.

मैदानावर त्याने क्लबचा अध्यक्ष बुर्कहार्ड झीम्स ह्याला बाजूला घेतलं. बुर्कहार्डचं बाजारात रंगांचं दुकान होतं. तो शाळेपासूनचा मित्र आणि एके काळी त्याच्याच मागच्या रांगेत ढकलणारा. बुर्कहार्डने ऐकून घेतलं, पायाने जमिनीवरची माती उकरली आणि म्हणाला, "एक्की, आज गेलो तर गेलो. पुन्हा लीगमध्ये यायला माणसं कुठून आणणार? मी काही सांगत नाही. संघ तुझा आहे." एवढं बोलून तो बियरचे खोके उतरवायला निघून गेला.

मालते देप्पे त्या वेळी बूट बांधत होता. अठ्ठावीस वर्षांचा, धंद्याने छपरं बसवणारा, कडेने पळणारा गडी. खांदे असे की कौलांचा गठ्ठा एका हाताने शिडीवर न्यायचा. घरी बायको स्वान्त्ये आणि दोन वर्षांची मुलगी. एकहार्ड त्याच्या शेजारी टेकला आणि विचारलं, आज पुढे उभा राहशील का.

मालते हसला. "मी? मी तर चेंडू हातात घेऊन पळून जाणारा माणूस."

"दहा-बारा स्क्रम होतील सगळे मिळून. पाठ सपाट ठेव, मान वर, नजर पुढे. बाकीचं मधला सांभाळेल."

"चालतं का असं? म्हणजे नियमात?"

एकहार्ड गप्प राहिला, शुक्रवारी फोनवर राहायचा तसाच.

"बरं," मालते म्हणाला. "उभा राहतो."

पंच योखेन ट्राउटवाइन सेलेहून आला होता. तो निवृत्त भूगोल शिक्षक, चष्म्याला दोरी बांधून खेळवणारा, सगळ्यांना अहो-जाहो करणारा. सामन्याच्या कागदावर पहिल्या रांगेतल्या नावांपुढे, शिकलेला आहे म्हणून, फुली मारायची असते. त्याने त्या तीन फुल्यांवर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "हेर नोल्टे, हे तिघंही शिकलेले आहेत ना?"

"हो."

ट्राउटवाइनने मालतेकडे पाहिलं. कडेने पळणारा गडी त्याने वसंतातल्या सामन्यात पाहिला असावा, कारण त्याच्या कपाळावर आठी आली. "हे सुद्धा?"

मालतेने एकहार्डकडे पाहिलं.

"दोन वर्षं खेळतोय," एकहार्ड म्हणाला. "सरावात."

ट्राउटवाइनने कागदाची घडी घातली.

पहिल्या अर्ध्यात सगळं ठीक गेलं. मालते ताकदीवर निभावून नेत होता. दोनदा त्याची पाठ वाकडी झालेली एकहार्डला बाहेरून दिसली आणि दोन्ही वेळा त्याने 'पाठ, मालते, पाठ' म्हणून सांगितलं. रस्त्याने बीटचे ट्रॉले जात होते आणि हवेत तो ओल्या मातीचा गोडसर वास भरला होता. शेवटची आठ मिनिटं उरली तेव्हा विट्सनहूडे बारा, पाहुणे दहा. विट्सनहूडेच्या गोल-रेषेपासून पाच मीटरवर पाहुण्यांना स्क्रम मिळाला. पाहुण्यांना ढकलून आत जायचं होतं आणि त्यांनी जीव काढून ढकललं. उजवी बाजू वर उचलली गेली, मग एकदम खाली आली.

सगळे उठले. मालते उठला नाही. तो पालथा पडला होता आणि अगदी साध्या आवाजात सांगत होता की त्याला हात सापडत नाहीयेत.

हेलिकॉप्टर मैदानाच्या मध्यावर उतरलं. सामना तिथेच थांबवला गेला. पाहुण्यांपैकी बरेच जण कुंपणापाशी बसून रडत होते, अन् त्यांनी काहीच चूक केलेली नव्हती. रोझविथाचं गुलाशचं पातेलं भरलेलंच राहिलं.

मालते वाचला. पुढे सात महिने तो इस्पितळात आणि मग पुनर्वसन केंद्रात होता. काठी घेऊन चालायला लागला, डाव्या हाताची बोटं मात्र कायमची अर्धवट मिटलेली राहिली. शिडी चढणं संपलं. स्क्रम कोसळला की असं क्वचित शिकलेल्या माणसालाही होतं, आणि क्लबने त्याच वाक्याचा आधार घेतला. अहवाल बुर्कहार्डने लिहिला. त्यात 'खेळाडूस सदर जागेचा अनुभव होता' असं एक वाक्य होतं. एकहार्डने खाली सही केली. त्या सहीवर विमा कंपनीने मालतेला दरमहा पेन्शन सुरू केली. आणि सामना बराचसा खेळून झाला होता म्हणून लीगने थांबला तेव्हाचा निकाल कायम केला. बारा-दहा. कागदावरची दुसरी हार टळली आणि विट्सनहूडे त्या वर्षी लीगमध्ये टिकलं.

मालतेला क्लबने सन्माननीय सभासद केलं. दर वर्षी कोबी-सॉसेजच्या जेवणाला त्याला मधल्या खुर्चीवर बसवत. लोक त्याच्या पाठीवर थाप मारायचे, आणि थाप मारण्याआधी क्षणभर थांबायचे.

एकहार्ड दर बुधवारी त्याला गाडीतून व्यायामोपचाराला नेऊ लागला. एक वर्ष, दोन वर्षं, चार वर्षं. गाडीत दोघं फुटबॉलबद्दल बोलत, रस्त्याच्या कामाबद्दल बोलत. त्या शनिवारचा विषय एकदाही निघाला नाही. मालते तोवर एका गोदामात अर्धा दिवस बसून माल तपासायचं काम करत होता आणि स्वान्त्ये बेकरीत जात होती. घराचे हप्ते पेन्शनमधून जायचे. एकहार्डला वाटायचं, पोराला त्या होकाराचा अर्थ कळलेला नाही. मालतेच्या मनात काय आहे हे त्याने विचारलं नाही, कारण उत्तर ऐकायची त्याची तयारी नव्हती. त्याची झोप गेली, वजन उतरलं, आणि शाळेत तो नीट असलेले दरवाजे पुन्हा पुन्हा दुरुस्त करू लागला.

रोझविथाला सगळं माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात त्याने तिला सांगितलं होतं. एका बुधवारी तो गाडीची किल्ली शोधत असताना ती म्हणाली, "तू त्याला नेतोस ते त्याच्यासाठी नाही नेत. तुला कुणीतरी शिक्षा द्यायला हवीय आणि कुणी देत नाहीये, म्हणून नेतोस."

"मग काय करू?"

"ते मला नको विचारूस," ती म्हणाली.

२०१५ मध्ये लीगने एकहार्डला चाळीस वर्षांच्या सेवेबद्दल सोन्याची मानाची पिन द्यायचं ठरवलं. हंगामाच्या शेवटी क्लबच्या सभागृहात समारंभ होता. वरून कुणी दोन पदाधिकारी आले होते, टेबलांवर पांढरा कागद अंथरला होता आणि मालते पहिल्या ओळीत बसला होता. बुर्कहार्डने भाषण केलं, आल्विनपासून सुरुवात केली, लोक हसले, काहींनी डोळे पुसले. पदाधिकाऱ्याने एकहार्डच्या कोटाला पिन लावली आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

एकहार्ड आयुष्यात कधी चार माणसांसमोर बोलला नव्हता. त्याने पिन काढली, टेबलावर ठेवली आणि सांगितलं. मालते त्या दिवसाआधी कधीच पहिल्या रांगेत उभा राहिला नव्हता. पंचांनी दोनदा विचारलं आणि आपण दोनदा खोटं बोललो. अहवालातलं वाक्य खोटं आहे, सही आपली आहे. अहवाल कुणी लिहिला हे त्याने सांगितलं नाही. तीन-चार वाक्यांत सगळं संपलं. मग मालते उठला, काठी घेतली आणि खुर्च्यांच्या मधून वाट काढत बाहेर गेला. एकहार्डला वाटलं, आता तो शिव्या देईल, निदान आता तरी. दार नुसतंच मिटलं.

घरी जाताना एकहार्डला हलकं वाटत होतं. ते हलकेपण जेमतेम आठवडाभर टिकलं.

आलेले पदाधिकारी काही ऐकलंच नाही असं करू शकत नव्हते. त्यांनी पत्र लिहिलं, पत्र विमा कंपनीकडे गेलं आणि कंपनीने चौकशी संपेपर्यंत पेन्शन थांबवली. लीगने विट्सनहूडेला तडकाफडकी बाहेर काढलं. ट्राउटवाइनला बोलावून घेतलं. संशय आला असताना त्याने सरावाची नोंदवही का मागितली नाही, असं विचारलं, आणि बहात्तराव्या वर्षी त्या माणसाने आपली शिट्टी टेबलावर ठेवली. एकहार्डवर जन्मभराची बंदी आली. बुर्कहार्ड रस्त्यात दिसला की पलीकडच्या फुटपाथवर जाऊ लागला. एकदा मात्र बाजारात समोरासमोर आले तेव्हा तो थांबला. "क्लब तुझ्या बापाला जवळ करणारा होता," तो म्हणाला, "आणि तू तो पुरलास." ज्या माणसाने अहवालातलं ते खोटं वाक्य स्वतःच्या हाताने लिहिलं होतं तो हे बोलत होता. एकहार्डने त्याला त्याची आठवण करून दिली नाही.

मालते जूनमध्ये आला. बुधवार होता, पण गाडीत बसायला तो आला नव्हता. दारातच उभा राहिला. रोझविथाने आत ये म्हटलं तरी आला नाही.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. तुला काय वाटतं, मी मूर्ख आहे? पंचाने विचारलं तेव्हा मी तिथेच उभा होतो. मीसुद्धा नाही म्हणू शकत होतो."

एकहार्ड म्हणाला की चूक मालतेची नव्हती.

"चूक कुणाची ते नको सांगूस. चार वर्षं मी तुझ्या गाडीत बसून गप्प राहिलो, एक्की. मान माझी मोडली आणि गप्प मी बसलो, कारण घरात पोरगी आहे. तुला काय झालं होतं? तुला झोप येत नव्हती."

"मला वाटलं, तुला खरं कळायला हवं."

"मला विचारलंस?" मालते म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "सगळ्या गावासमोर बोललास. त्याआधी दर बुधवारी मी तुझ्या शेजारी बसलेला असायचो. एकदा विचारायचं होतंस की मालते, सांगू का. मी नाही म्हटलं असतं. ते तुला माहीत होतं, म्हणून विचारलं नाहीस."

एकहार्डने पैशाची गोष्ट काढली. बँकेत थोडं आहे, बागेचा तुकडा विकता येईल, असं काहीतरी. मालतेने ऐकूनही घेतलं नाही. पायऱ्या उतरताना त्याचा तोल गेला आणि एकहार्ड सावरायला पुढे झाला, तेव्हा त्याने काठी आडवी धरली आणि त्याला जवळ येऊ दिलं नाही.

चौकशी दोन वर्षं चालली. शेवटी कंपनीने तडजोड केली आणि आधीच्या अर्ध्याहून कमी पेन्शन पुन्हा सुरू झाली. तोवर घर गेलं होतं. मालते आणि स्वान्त्ये मुलीला घेऊन स्वान्त्येच्या आईवडिलांकडे समुद्राकाठी राहायला गेले. एकहार्डने दर नाताळात कार्ड पाठवलं. पहिली दोन परत आली, नंतरची परत आली नाहीत. ती वाचली गेली की फेकली गेली, ते कळायला मार्ग नव्हता.

"मी गप्प बसायला हवं होतं का?" त्याने एकदा रोझविथाला विचारलं. ती बटाटे सोलत होती.

"तू त्या शनिवारी गप्प बसायला हवं होतंस," ती म्हणाली. "पंचाने विचारलं तेव्हा."

क्लबचं मैदान नगरपालिकेने परत घेतलं. खेळायची हौस असलेल्या उरल्यासुरल्या लोकांनी शेजारच्या दोन गावांशी मिळून संयुक्त संघ काढला. त्याचं नाव कुठल्याच गावाचं नव्हतं. लीगला संघ हवेच होते, त्यांनी घेतला.

एकहार्ड पासष्टीला आला तेव्हा एका फेब्रुवारीत त्या संघाच्या प्रमुखाचा फोन आला. हानोफरहून राहायला आलेला माणूस होता, आवाजाने उत्साही. त्याने ऐकलं होतं की ह्या भागात पहिल्या रांगेतलं शिकवणारा फक्त हेर नोल्टेच उरलाय. एकहार्डने सांगितलं की आपल्यावर बंदी आहे. का आहे हेही सांगायला लागला, पण तो माणूस हसून म्हणाला, "अहो, ते कागद कोण बघतंय आता. ऑफिसातले लोकही बदलले."

"सध्या पुढे कोण उभं राहतं तुमच्याकडे?" एकहार्डने विचारलं.

"त्या दिवशी जो येईल तो," पलीकडचा माणूस म्हणाला. "लीगमध्ये सगळ्यांचंच तसं आहे."

फोन ठेवल्यावर एकहार्ड माळ्यावरून सरावाची जुनी चटई काढायला गेला.

पहिल्या मंगळवारी सात जण आले. त्याने त्यांना चेंडूला हात लावू दिला नाही. तासभर चटईवर गुडघ्यांवर बसवून मानेचे व्यायाम करून घेतले, मग दोघादोघांना कपाळाला कपाळ टेकवून उभं केलं आणि प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून बघितलं. एकाने विचारलं की ढकलायचं कधी. एकहार्ड म्हणाला, ऑक्टोबरात. त्यांना तो विनोद वाटला.

दुसऱ्या मंगळवारी तीन जण आले. तिसऱ्या मंगळवारी पाऊस नव्हता, थंडीही नव्हती, आणि कुणीच आलं नाही. एकहार्ड साडेसातपर्यंत थांबला, चटई गुंडाळून गाडीत ठेवली आणि घरी आला. शुक्रवारी संध्याकाळी त्याने सातही जणांना फोन केले. पाच जणांनी उचलला. तो सगळ्यांशी बोलला, एकेक कारण ऐकून घेतलं आणि मग, सवयीने, गप्प राहिला. आत्ताची माणसं वेगळी होती. त्यांना ती शांतता काही बोचली नाही. फोन तुटला असं समजून त्यांनी ठेवून दिला.

शनिवारी संयुक्त संघाचा सामना होता. एकहार्ड गेला नाही. संध्याकाळी रोझविथाने बेकरीत ऐकून आल्यावर सांगितलं की आपले लोक हरले, आणि कुणाला काही लागलं नाही.